राखणदाराचा मान

अलास्कात ३१ डिसेंबरच्या रात्री पावणेबाराला जन्मलेल्या बाळाला पुढच्या ऑक्टोबरात सरकारकडून पैसे मिळतात. त्याच दवाखान्यात शेजारच्या खोलीत अर्ध्या तासानं, म्हणजे तारीख बदलल्यावर, जन्मलेल्या बाळाला आणखी एक वर्ष वाट पाहावी लागते. हे पैसे गरिबीसाठी नाहीत, कुपोषणासाठी नाहीत, मुलगी झाली म्हणूनही नाहीत. बाळ अलास्काचं आहे आणि अलास्काच्या जमिनीखालच्या तेलात त्याचा वाटा आहे, एवढंच कारण. पणजीला तेवढेच, हृदयाच्या सर्जनला तेवढेच, गोदीत मासे साफ करणाऱ्या मजुराला तेवढेच. अट इतकीच, की आदलं अख्खं वर्ष राज्यात काढलेलं असावं आणि पुढंही इथंच राहण्याचा इरादा असावा. तान्ह्या बाळाला पहिली अट माफ. दुसरी त्याच्या वतीनं आईबापांनी कबूल करायची.

२०२२ साली ही रक्कम माणशी ३,२८४ डॉलर होती, २०२४ साली १,७०२. घरात पाच माणसं असली तर पाचपट. त्यावर केंद्र सरकारचा आयकर लागतो, पण अलास्काचा स्वतःचा आयकर नाहीच. राज्याचा विक्रीकरही नाही. म्हणजे राज्य सरकार लोकांकडून जवळपास काही घेत नाही आणि वर दरवर्षी त्यांच्या खात्यात पैसे टाकतं. आपल्याकडे निवडणुकीच्या जाहीरनाम्यातही कुणी इतकं लिहिणार नाही.

यामागे जो निधी आहे त्याचं नाव अलास्का पर्मनंट फंड. कायमचा निधी. त्यात आज ८० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम आहे, म्हणजे सुमारे सात लाख कोटी रुपये. महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाचा आकडाही साधारण तेवढाच आहे. फरक असा, की महाराष्ट्रात बारा-तेरा कोटी माणसं राहतात आणि अलास्कात सव्वासात-साडेसात लाख, सोलापूर शहराहूनही कमी. ती माणसं महाराष्ट्राच्या साडेपाचपट जमिनीवर विखुरलेली आहेत.

आणि इतकं असूनही गेली दहा वर्षं हे राज्य पैशांवरून भांडतं आहे. निधीच्या कमाईतलं किती सरकारनं खर्च करायचं आणि किती लोकांना वाटायचं, या एका प्रश्नावर गव्हर्नर आले आणि गेले, खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले, विधिमंडळ एकदा दोन गावांत वाटलं गेलं. भांडणाचं मूळ निधी जन्मला त्या कहाणीतच आहे, आणि ती कहाणी भांडणापेक्षाही नवलाची आहे.

अमेरिकेत सहसा ज्याची जमीन त्याचंच त्याखालचं खनिज. टेक्ससमध्ये शेतात तेल लागलं की शेतकरी गडगंज होतो. अलास्काचं तसं नाही. १९५९ साली हा प्रदेश राज्य झाला तेव्हा केंद्रानं त्याला दहा कोटी एकरांहून अधिक जमीन निवडून घेण्याचा हक्क दिला, पण एका अटीवर: खनिजाचे हक्क राज्यानं विकायचे नाहीत, भाडेपट्ट्यानं द्यायचे. राज्याच्या घटनेतही नैसर्गिक संपत्ती लोकांच्या जास्तीत जास्त हितासाठी वापरायची असं लिहिलं गेलं. म्हणून अलास्काचं तेल कुण्या एकाचं नाही. ही कायद्यातली बाब वाटते तितकी कोरडी नाही; पुढचं सगळं नाट्य तिच्यातून उगवलं आहे.

१९६४ साली राज्यानं आपल्या कोट्यातून उत्तर ध्रुवसागराच्या काठचा एक ओसाड, वर्षातले कित्येक महिने गोठलेला पट्टा निवडला. सरकारी भूगर्भतज्ज्ञ टॉम मार्शल यांचा तो आग्रह होता. बर्फाचं हे माळरान घेऊन काय करणार, असं विचारणारे पुष्कळ होते. १९६८ साली त्याच पट्ट्यात, प्रुडो बे इथं, उत्तर अमेरिकेतला सर्वांत मोठा तेलसाठा सापडला. पुढच्या वर्षी १० सप्टेंबरला अँकरेजच्या एका सभागृहात तेलाच्या पट्ट्यांचा लिलाव झाला. बंद लिफाफे एकामागून एक उघडले जात होते, आकडे मोठ्यानं वाचले जात होते, तेल कंपन्यांची माणसं श्वास रोखून बसली होती. संध्याकाळपर्यंत बेरीज ९० कोटी डॉलरवर गेली. तीन लाख लोकवस्तीचं राज्य, आणि राज्याच्या वर्षभराच्या खर्चाच्या कित्येक पट रक्कम एका दिवसात. एका दिवसाचं व्याजही बुडू नये म्हणून चेक लगोलग विमानानं राज्याबाहेर रवाना झाले.

व्याजाची एवढी काळजी घेतली, आणि मुद्दल पाच-सहा वर्षांत संपलं! शाळा, रस्ते, पगार, योजना. यातलं बरंचसं गरजेचं होतं. राज्य गरीब होतं, खेड्यांत नळाचं पाणी नव्हतं. शिवाय तेल सापडलं तरी ते वाहून न्यायला पाइपलाइन नव्हती, आणि आदिवासींच्या जमिनीचे हक्क नि पर्यावरणाचे खटले यांत तिचं काम अडलं होतं. तोवर सरकारला जगायचं होतं. पण लोकांच्या मनात एकच गोष्ट राहिली: ९० कोटी आले आणि गेले, हाताला काही लागलं नाही. तेव्हाचा तो चटका बसला नसता तर निधी उभाच राहिला नसता, असं मला वाटतं.

१९७६ साली, पाइपलाइन पुरी होत आली असताना, अलास्कानं घटनादुरुस्तीवर मतदान घेतलं. खनिजांच्या रॉयल्टीतला आणि भाडेपट्ट्यांच्या उत्पन्नातला किमान २५ टक्के हिस्सा एका कायम निधीत जाईल. त्याचं मुद्दल फक्त गुंतवायचं, खर्चायचं नाही. दोनास एक अशा फरकानं लोकांनी होकार दिला. म्हणजे लोकांनी स्वतःच्या आणि पुढच्या सगळ्या सरकारांच्या हातावर कडी घातली. २८ फेब्रुवारी १९७७ ला निधीत पहिला भरणा झाला, ७ लाख ३४ हजार डॉलरचा. जूनमध्ये प्रुडो बेहून व्हाल्डीझ बंदराकडे, तेराशे किलोमीटरच्या नळातून, तेल वाहू लागलं.

आता त्या घटनादुरुस्तीतलं बारीक अक्षर पाहू. मुद्दलाला कुलूप घातलं, पण मुद्दलाच्या कमाईचं काय? तिथं एवढंच म्हटलं, की कायद्यानं वेगळं काही ठरवलं नाही तर कमाई सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जाईल. तिजोरीला एक दार पोलादी, दुसरं लाकडी. लाकडी दाराची किल्ली विधिमंडळाकडे, आणि तीही साध्या बहुमताची.

तेव्हाचे गव्हर्नर जे हॅमंड यांना हे दार दिसत होतं. दाढीवाला, धिप्पाड माणूस. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानाचा वैमानिक, नंतर अलास्कात येऊन फासेपारधी, शिकाऱ्यांचा वाटाड्या, मासेमार. रिपब्लिकन पक्षाचे, पण पक्षाच्या साच्यात न बसणारे. गव्हर्नर होण्याआधी ते ब्रिस्टल बे भागात राहत. जगातला सर्वांत मोठा सॉकाय सॅमन माशांचा साठा तिथं दर उन्हाळ्यात नद्या चढतो. बाहेरच्या बोटी येत, मासे नेत, पैसा बाहेर जाई, आणि काठावरच्या खेड्यांत दारिद्र्य तसंच. हॅमंडनी तिथं सुचवलं होतं, की मासळीवर कर बसवा आणि तो पैसा एका निधीत घालून रहिवाशांना भागधारक करा. लोकांना तेव्हा ते पटलं नाही. तीच कल्पना त्यांनी राज्याच्या पातळीवर पुन्हा काढली.

त्यांचं गणित माणसाच्या लोभावर उभं होतं. सगळ्यांच्या मालकीची वस्तू कुणाचीच नसते. मंत्री, कंत्राटदार, आमदार एकेक करून तिला पोखरतात आणि कुणी ओरडत नाही. पण निधीच्या कमाईतून प्रत्येकाच्या घरी दरवर्षी चेक आला, तर निधीला हात लावणाऱ्याच्या अंगावर सगळं राज्य धावून जाईल. म्हणजे थोड्यांच्या लोभाविरुद्ध सगळ्यांचा लोभ उभा करायचा. कोकणात गावाच्या शिवेवर राखणदार असतो. तो दिसत नाही, पण वर्षाचा मान त्याला पोचवावा लागतो, नारळ, कोंबडा, जे रीतीनं असेल ते. मान चुकला की राखण सुटली. हॅमंडनी निधीच्या शिवेवर साऱ्या जनतेला राखणदार म्हणून बसवलं, आणि वर्षाचा लाभांश हा त्याचा मान.

मान कसा वाटायचा यावर मात्र त्यांचा पहिला बेत वेगळा होता. १९५९ पासून जितकी वर्षं अलास्कात काढली, तितक्या वेळा ५० डॉलर. जुन्या खोडांना जास्त, नव्यानं आलेल्यांना कमी. थोड्याच काळापूर्वी तिथं राहायला आलेल्या झोबेल या वकील दांपत्यानं त्याविरुद्ध खटला भरला, आणि १९८२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो बेत मोडून काढला: नागरिकांमध्ये जुने-नवे असा भेद करता येणार नाही. विधिमंडळानं पर्यायी तरतूद तयार ठेवली होती. सर्वांना सारखे, एक हजार डॉलर. जगभरचे अर्थतज्ज्ञ ‘सर्वांना सरसकट उत्पन्न’ या स्वप्नासाठी आज ज्या अलास्काचा दाखला देतात, तिथली ती समानता अशी कोर्टाच्या दणक्यानं आलेली आहे.

याच काळात आणखी दोन निर्णय झाले. निधीनं राज्यातल्या उद्योगांना कर्ज द्यावं, विकास बँक व्हावं, असा मोठा आग्रह होता. तो मानला गेला नाही. निधी पैसे जगभर गुंतवेल, फायदा बघेल, बास. आग्रह मानला असता तर काय झालं असतं, याची झलक व्हाल्डीझ बंदरात उभी आहे. तेलाच्या पैशांतून राज्यानं डेल्टा भागात जंगल तोडून बार्लीची शेती वसवायचा घाट घातला होता, आणि पीक निर्यात होईल म्हणून बंदरावर काँक्रीटची उंच कोठारं बांधली गेली. बार्लीचं ते पीक तिथवर आलंच नाही.

दुसरा निर्णय १९८० चा. तेलाचा पैसा येतोय, मग कर कशाला? विधिमंडळानं आयकरच रद्द करून टाकला. हॅमंडना हे पसंत नव्हतं. कर भरणारा माणूस सरकारच्या खर्चाकडे डोळे वटारून बघतो, ते डोळे मिटतील अशी त्यांची धास्ती होती. आयकर गेला आणि लाभांश आला, दोन्ही जवळपास एकाच वेळी. पुढची पंचेचाळीस वर्षं अलास्कात याच दोन गोष्टी एकमेकींशी झगडत आहेत.

काही काळ राखणदार चोख निघाला. १९९९ साली तेलाचे भाव कोसळले होते, अर्थसंकल्पाला भोक पडलं होतं. निधीच्या कमाईतला काही भाग सरकारी खर्चाला वापरावा का, असं सरकारनं मतदारांना विचारलं. ८३ टक्के लोक ‘नाही’ म्हणाले. ८३ टक्के! त्या आकड्यानंतर दीड दशक कुठल्याही राजकारण्यानं त्या लाकडी दाराकडे मान वर करून पाहिलं नाही.

पण नळातलं तेल आटत होतं. १९८८ साली पाइपलाइनमधून दिवसाला वीस लाख पिंपांहून अधिक तेल वाहत होतं. आता पाच लाखांच्याही खाली आहे. भाव चढे होते तोवर कमी तेलातही भागलं. २०१४ पासून भाव घसरले, २०१६ च्या जानेवारीत पिंपाला तीस डॉलरच्या खाली गेले, आणि राज्याच्या अर्थसंकल्पात अब्जावधी डॉलरची तूट उघडी पडली. साठवलेल्या दुसऱ्या राखीव निधीतून काही वर्षं ठिगळं लावली गेली. गव्हर्नर बिल वॉकर, अपक्ष, यांनी आयकर परत आणायचं सुचवलं, तो बारगळला. मग २०१६ च्या जूनमध्ये त्यांनी लाभांशाच्या तरतुदीवर नकाराधिकार वापरला आणि रक्कम निम्म्यावर आणली. दोन हजारांच्या वर येणारा चेक १,०२२ डॉलरचा झाला.

राज्यात हलकल्लोळ माजला. राज्याचे सिनेटर बिल विलेकाउस्की आणि दोन माजी सिनेटर कोर्टात गेले. त्यातले एक क्लेम टिलियन हे हॅमंड यांचे जुने सोबती. २०१७ साली अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: लाभांश हा घटनेनं दिलेला हक्क नाही, तो इतर खर्चासारखाच दरवर्षी विधिमंडळानं मंजूर करायचा आणि गव्हर्नरनं मान्य करायचा खर्च आहे. पस्तीस वर्षं लोक ज्याला आपला वाटा समजत होते तो शाळा, पोलीस, बोटी यांच्या रांगेत येऊन उभा राहिला.

पुढच्या वर्षी, २०१८ साली, विधिमंडळानं नवा कायदा केला. दरवर्षी निधीच्या सरासरी किमतीच्या ठरावीक टक्के रक्कम, आधी सव्वापाच आणि आता पाच टक्के, काढता येईल. सरासरी मागच्या वर्षांची धरायची, म्हणजे बाजाराच्या उड्यांनी अर्थसंकल्प हेलकावणार नाही. निधीचं स्वतःचं उद्दिष्ट महागाई वजा जाता पाच टक्के कमवायचं आहे, तेव्हा पाच काढले तरी मुद्दल शाबूत. कल्पना सुरेख आहे. यातून आता दरवर्षी साडेतीन अब्जांहून अधिक डॉलर निघतात, आणि ही रक्कम राज्याला मोकळेपणी खर्च करता येणाऱ्या तेलाच्या उत्पन्नापेक्षा मोठी आहे. थांबून विचार करण्याजोगी गोष्ट आहे ही. तेलानं घडवलेलं राज्य आज तेलापेक्षा शेअर बाजारावर जास्त चालतं. न्यूयॉर्क, लंडन, मुंबईतल्या बाजारांची चढउतार ध्रुवाजवळच्या शाळेतल्या मास्तरच्या पगाराशी जोडली गेली आहे.

पण त्या कायद्यानं एक गोष्ट केली नाही. काढलेल्या पैशांतले किती लोकांना आणि किती सरकारला, हे ठरवलंच नाही. लाभांशाचं जुनं सूत्रही तसंच पुस्तकात राहू दिलं. ते सूत्र पाळलं तर बहुतेक वर्षी माणशी तीन हजार डॉलरहून जास्त द्यावे लागतात, आणि मग काढलेल्या रकमेतला अर्ध्याहून मोठा भाग त्यातच जातो. म्हणून विधिमंडळ ते पाळत नाही. पुस्तकात एक कायदा आणि व्यवहारात दुसरा आकडा.

याच फटीतून २०१८ साली माइक डनलिव्ही गव्हर्नर झाले. पूर्ण लाभांश देऊ, मागचे कापलेलेही परत देऊ, हे त्यांचं वचन. कर नको, पूर्ण लाभांश हवा, मग कापायचं काय? २०१९ साली त्यांनी ४४ कोटी डॉलरच्या तरतुदी खोडल्या. त्यात विद्यापीठाचे १३ कोटी होते, म्हणजे राज्याकडून विद्यापीठाला मिळणाऱ्या रकमेच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास. लाभांशावरचं खास अधिवेशन त्यांनी राजधानी ज्युनोऐवजी आपल्या वासिला या गावी बोलावलं. बहुतेक आमदार ज्युनोतच बसले, बाकीचे वासिलातल्या एका शाळेत. मध्ये शेकडो मैल डोंगर आणि हिमनद्या. ज्युनोला जायला रस्ताच नाही, विमान किंवा बोट. कपात उलटवायला तीनचतुर्थांश मतं लागत होती आणि बाकीचे आमदार दुसऱ्या गावात बसलेले. मतं जमली नाहीत. पुढं गव्हर्नरना परत बोलावण्याची सह्यांची मोहीम निघाली, विद्यापीठाची कपात तीन वर्षांत मिळून सात कोटींवर आली, आणि लाभांश निघाला १,६०६ डॉलर. वचन दिलेल्या तीन हजारांच्या जेमतेम निम्मा.

लाभांश कापणं म्हणजे काय, याचा हिशेब मांडला की आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसते. समजा, प्रत्येकाचे दोन हजार डॉलर कापले. कुस्कोकविम नदीकाठच्या युपिक खेड्यात आईबाप आणि तीन मुलं असं घर आहे. त्यांचे गेले दहा हजार. अशा घरात ऑक्टोबरचा हा पैसा म्हणजे हिवाळ्याचं इंधन, स्नोमोबीलचे सुटे भाग, शिकारीची काडतुसं. अँकरेजमध्ये एकटा राहणारा सर्जन आहे. त्याचे गेले दोन हजार. आणि टेक्ससहून दोन आठवडे कामाला येऊन दोन आठवडे घरी परतणारा प्रुडो बेचा तेल कामगार? त्याचा एक सेंटही गेला नाही. तो अलास्काचे रस्ते आणि विमानतळ वापरतो, पगार घेऊन जातो, आणि आयकर नसल्यानं राज्याला काही देत नाही. लाभांश कापणं हा डोईपट्टीसारखा कर आहे, त्यातही मुलं जास्त असली तर जास्त. अलास्का विद्यापीठाच्या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ साली सगळे पर्याय तपासून हेच सांगितलं, की तूट भरण्याच्या उपायांत गरिबांवर सर्वांत जड पडणारा उपाय हाच. तरी राजकारणाला तोच सर्वांत सोपा, कारण त्याला कुणी कर म्हणत नाही.

लाभांशानं लोक आळशी होतात, हा आक्षेपही पुष्कळदा येतो. २०१८ साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी, डेमन जोन्स आणि इओआना मारिनेस्कू यांनी, आकडे तपासले तेव्हा एकूण रोजगार घटल्याचं दिसलं नाही; अर्धवेळ काम करणारे तेवढे वाढले.

पण दुसरी बाजूही त्याच नदीवर आहे. कुस्कोकविमच्या काठी स्लीटम्यूट नावाचं खेडं आहे. तिथल्या शाळेचं छप्पर गळत होतं. शाळेच्या मंडळानं दुरुस्तीसाठी राज्याकडे सुमारे दोन दशकं, वर्षामागून वर्ष, अर्ज केले. दरम्यान पाणी मुरलं, लाकूड कुजलं, इमारतीत वटवाघळं शिरली. अशा खेड्यांत घरपट्टी लावून शाळा चालवता येत नाही, लावायची कुणावर? जे काही येतं ते राज्याकडूनच. राज्यभर शाळांना प्रति विद्यार्थी मिळणारी मूळ रक्कमही कित्येक वर्षं जवळजवळ जागची हलली नाही, आणि २०२५ साली ती वाढवायला विधिमंडळाला गव्हर्नरचा नकाराधिकार उलटवावा लागला. म्हणजे ज्या मुलाच्या नावानं ऑक्टोबरात हजार-दीड हजार येतात, त्याच मुलाच्या वर्गात छप्पर गळतं. चेक कापा म्हणणारे छप्पर दाखवतात, छप्पर थांबू दे म्हणणारे चेक. दोघंही गरिबाच्या पोराचंच नाव घेतात. माझ्या मते या भांडणात जिचं नाव आता क्वचितच कुणी घेतं ती गोष्ट म्हणजे १९८० साली रद्द झालेला आयकर. तो मेजावर येईपर्यंत त्या पोराच्या एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालण्यापलीकडे काही होणार नाही.

जगात इतरांनी काय केलं? नॉर्वेनं आपल्या तेलनिधीत १९९६ पासून पैसे टाकले. आज जगातल्या सर्व नोंदणीकृत कंपन्यांच्या शेअरांपैकी सरासरी दीड टक्का या एका निधीचे आहेत. तिथं लोकांना चेक मिळत नाही. निधीतून ठरावीक मर्यादेत पैसा थेट अर्थसंकल्पात जातो, २००१ पासून चार टक्के आणि २०१७ पासून तीन टक्के ही मर्यादा, आणि लोक भरमसाट कर भरतात. राखणदार नाही, पण घरमालक जागा आहे. दुसरं टोक नाउरूचं. पॅसिफिकमधलं एकवीस चौरस किलोमीटरचं बेट, फॉस्फेट विकून सत्तरच्या दशकात जगातल्या सर्वांत श्रीमंत लोकांत गणलं गेलेलं. त्यांचाही निधी होता. त्यातून मेलबर्नमध्ये ५२ मजल्यांची इमारत उठली, आणि १९९३ साली लंडनमध्ये लिओनार्दो दा विंचीच्या प्रेमकथेवरच्या एका संगीतिकेत पैसे घातले गेले. ती सपाटून पडली. २००४ पर्यंत इमारतही विकून झाली होती.

या सगळ्यात गोव्याचा एक धागा आहे आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. गोव्यातल्या खाणींच्या लुटीवरच्या खटल्यात २१ एप्रिल २०१४ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला, की लोहखनिजाच्या विक्रीतला दहा टक्के हिस्सा एका कायम निधीत जावा, पुढच्या पिढ्यांचा वाटा म्हणून. निधीचं नावही अलास्काच्या वळणाचं, गोवा आयर्न ओर पर्मनंट फंड. नंतर ‘गोंयची माती’ या चळवळीनं मागणी केली, की खनिजाचं सगळं मोल अशा निधीत घाला आणि त्याच्या कमाईचा लाभांश प्रत्येक गोंयकाराला द्या. ऐकायला परदेशी वाटतं, पण गोव्याच्या जुन्या गावकरी पद्धतीला हे अनोळखी नाही. गावच्या सामाईक जमिनीचं उत्पन्न यायचं, बांधबंदिस्ती आणि देवाचा खर्च वजा व्हायचा, आणि उरलेलं गावकरांमध्ये वाटलं जायचं; त्या वाट्याला झोण म्हणतात. फक्त तो मूळ गावकर कुळांतल्या पुरुषांनाच मिळे. मागून आलेल्यांना नाही, बायकांना नाही. झोबेल दांपत्यानं कोर्टात मोडून काढलं ते जवळपास हेच तत्त्व.

अलास्कात आता प्रश्न आणखी एका गाठीवर येऊन ठेपला आहे. निधी कागदावर दोन खात्यांत आहे: कुलुपातलं मुद्दल आणि खर्चायला मोकळी असलेली कमाई. सरकारला लागणारे पाच टक्के आणि महागाईपोटी मुद्दलात घालायची भर, दोन्ही दुसऱ्या खात्यातूनच निघतात. बाजारात दोन-तीन वर्षं वाईट गेली तर ते खातं कोरडं पडू शकतं. मग निधीत ८० अब्ज असतील आणि कायद्यानं त्यातला एक डॉलरही काढता येणार नाही, ना शाळेसाठी ना चेकसाठी. जगातलं सर्वांत श्रीमंत दिवाळं! निधीचे विश्वस्त म्हणतात, दोन्ही खाती एक करा आणि वर्षाला पाच टक्क्यांहून जास्त काढायचे नाहीत ही मर्यादा थेट घटनेत लिहा. शहाणपणाचा तोडगा आहे. पण त्यासाठी दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतं आणि नंतर जनतेचं बहुमत हवं. आणि जनता विचारते, आमच्या लाभांशाचं काय लिहिणार त्यात? त्यावर एकमत होत नाही, म्हणून दुरुस्ती पुढं सरकत नाही, म्हणून दर वसंतात ज्युनोमध्ये सगळे खर्च मांडून झाल्यावर जे उरतं त्याला लोकसंख्येनं भागायचं, असा शिरस्ता पडला आहे.

१९८२ सालचा पहिला चेक एक हजार डॉलरचा होता. २०२५ सालचाही बरोब्बर एक हजाराचा निघाला. दरम्यान अमेरिकेतली महागाई तिपटीहून जास्त झाली आहे.